दुसरीच्या वर्गात भरलेला गड्डा

सोलापूर जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा एकाच आवारात असतात. मध्ये फार तर एखादं लिंबाचं झाड. एप्रिलपर्यंत मूल झाडाच्या अलीकडे असतं. तिथं ते मातीची चूल मांडतं, बाटल्यांच्या बुचांचे पैसे करतं, चिंध्यांच्या बाळाला झोपवतं. जूनमध्ये ते झाडाच्या पलीकडे जातं आणि पाठीवर दप्तर, समोर फळा, तोंडावर बोट असं त्याचं जगच पालटतं. मूल तेच असतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्यात असा कोणताही बदल झालेला नसतो की कालपर्यंत खेळातून शिकणाऱ्याला आजपासून फक्त ऐकून आणि उतरवून शिकता यावं.

बदललेलं असतं खातं. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली तेव्हापासूनची ही व्यवस्था. पहिलीचा वर्ग शालेय शिक्षण विभागाचा. दोन खात्यांची हद्द मुलाच्या सहाव्या वर्षातून गेली आणि खेळ अलीकडच्या बाजूला राहिला. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ही हद्द निदान कागदावर तरी पुसली. तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा मानला आणि पहिली-दुसरी त्यात घातली. २०२२मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यानेही या सगळ्या वर्षांसाठी खेळ हाच शिकण्याचा मुख्य मार्ग धरला आहे. म्हणजे सात वर्षांच्या मुलाने वर्गात खेळावं की नाही, हा प्रश्न धोरणापुरता निकालात निघाला आहे. आता प्रश्न उरतो तो कसा खेळावं याचा, आणि तो शिक्षकांपुढे रोज सकाळी परिपाठ संपल्यावर उभा राहतो.

महाराष्ट्राला या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी सापडलं होतं. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या, तेव्हा १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६मध्ये दादरला शिशुविहार उभं राहिलं. पण शहरातल्या खात्यापित्या घरांतल्या मुलांपुरतं हे राहू नये, म्हणून १९४५मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. शिक्षिका अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या वस्तीत, अंगणात जायचं, यातून ‘अंगणवाडी’ आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरू लागली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर ‘विकासवाडी’ उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा तिथे एकाच छपराखाली आली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला त्यामुळे शाळा सोडावी लागली नाही, आणि बालवाडीतून पहिलीत जाणाऱ्या मुलाला आपण परक्या मुलखात आलो असंही वाटलं नाही.

यातला ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. विकासवाडीचा सलगपणा मात्र कोसबाडलाच राहिला. मला ही महाराष्ट्राच्या शिक्षणातली मोठी हानी वाटते, कारण ताराबाईंची निम्मी कल्पना आपण उचलली आणि निम्मी खाली ठेवली. गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’ आठवून पाहा. बालशिक्षणाचे आचार्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने त्या पुस्तकातल्या शिक्षकाला प्रयोगासाठी दिला आहे तो सरकारी शाळेतला चौथीचा वर्ग. गोष्टी, नाटक, खेळ हे सगळं तिथे नऊ-दहा वर्षांच्या पोरांबरोबर चालतं. खेळ ही फक्त चिमुरड्यांची गरज आहे असं गिजुभाई मानत नव्हते.

सहा-सात वर्षांच्या मुलाचा खेळ चार वर्षांच्या मुलासारखा नसतो, आणि पहिली-दुसरीतली बरीच गडबड हे लक्षात न घेतल्याने होते. चार वर्षांचं मूल भातुकलीत चहा करतं, पितं आणि उठून जातं. सात वर्षांच्या मुलाचा खेळ आज थांबतो आणि उद्या तिथूनच पुढे सुरू होतो. त्याला साथीदार लागतात, त्यात कामांची वाटणी होते, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नियम येतात. या वयाची मुलं लगोरी खेळतात तेव्हा अर्धा वेळ डाव असतो आणि अर्धा वेळ ‘असं चालत नाही बे’ यावर वाद असतो. तो वाद वाया गेलेला वेळ नसतो. दोन्ही बाजूंना मान्य होईल असं बोलायचं, हरल्यावर डाव न मोडता पुन्हा उभं राहायचं, ही त्या वयाची खरी कमाई तिथेच होते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३३मध्ये खेळावर दिलेल्या व्याख्यानात याहून पुढचं एक सूत्र मांडलं. मूल काठीला घोडा मानतं तेव्हा वस्तू आणि अर्थ त्याच्या मनात पहिल्यांदा सुटे होतात. एका गोष्टीने दुसरीच्या जागी उभं राहायचं, हे त्याला उमगतं. अक्षरही तेच करतं, अंकही तेच करतो. लिहायला शिकण्याच्या ऐन उंबऱ्यावर मुलाकडून खेळ काढून घेणं किती उफराटं आहे, हे यावरून कळावं.

आता एक वर्ग डोळ्यांसमोर आणू. समजा, सोलापूर शहरालगतची एक शाळा आहे, दुसरीचा वर्ग आहे आणि संक्रांतीची सुट्टी नुकतीच संपली आहे. सिद्धेश्वरांची यात्रा पाहून, होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे तिथली जत्रा, फिरून पोरं वर्गात आली आहेत. त्यांच्या डोक्यात पाळणे फिरताहेत, मौत का कुआँ घुमतोय, बाराबंदी घातलेले मानकरी आणि त्यांनी उभे तोलून धरलेले सात उंच नंदीध्वज चालताहेत. वेळापत्रकात मात्र वजाबाकी आणि ‘विरामचिन्हे’ आहेत. बाईंनी त्या दिवशी पोरांना विचारलं, काय करू या? उत्तर एकच येणार, गड्डा.

पहिल्या दिवशी गोंधळच होईल. सगळ्यांना पाळणेवाला व्हायचं असतं, गिऱ्हाईक व्हायला कुणी तयार नसतं. दोन पोरं एकाच बाकाला धरून ओढत असतात. “मी आधी आलोय बे!” “आधी आलास म्हणून काय झालं, काल तूच घेतलायस की!” इथे बाईंचा पहिला कस लागतो. त्यांनी लगेच मध्ये पडून बाक एकाला देऊन टाकला, तर वाद मिटेल आणि खेळही मिटेल. त्या थोडा वेळ थांबतात. मग पदर खोचून स्वतःच गिऱ्हाईक होतात आणि भज्यांच्या गाड्यावर जाऊन उभ्या राहतात. “भजी कशी दिली?” “धाला.” “दहाला किती?” हे मात्र कुणी ठरवलेलंच नसतं. गाड्यावरच्या तिघांची कुजबूज होते. दहाला पाच. मग पलीकडचा कुणीतरी ओरडतो, “आमच्याकडं धाला सहा!” आणि भावफलकाची गरज उभी राहते. बाईंनी “आता आपण फलक लिहू” असं म्हटलेलं नसतं. गिऱ्हाईक पळून जातंय, म्हणून लिहिणं भाग पडलेलं असतं.

एक मुलगी पुठ्ठ्यावर लिहिते, ‘भजि १० रु पलेट’. बाई ती पाटी मोठ्याने वाचतात आणि दहा रुपयांची कागदी नोट देतात. चूक दाखवत नाहीत. लिहिलेलं वाचलं गेलं आणि त्यामुळे धंदा झाला, एवढा अनुभव त्या क्षणी पुरेसा आहे. दुसऱ्या दिवशी बाईंचंही एक दुकान लागतं आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘गरम भजी’ लिहिलेलं असतं. ती मुलगी येऊन बघून जाते. ती आपली पाटी बदलेल किंवा आणखी चार दिवसांनी बदलेल. ‘जी’ची वेलांटी तिने स्वतः हेरलेली असेल, तर ती वहीत दहा वेळा गिरवण्यापेक्षा पक्की बसते.

वजाबाकीही येते, पण पुस्तकातल्या उभ्या मांडणीने येत नाही. पस्तीस रुपयांचं खाल्लं, पन्नासची नोट दिली. गल्ल्यावरचा मुलगा पन्नासातून पस्तीस वजा करत बसत नाही. तो पस्तिसावर पाच ठेवतो, “चाळीस”. दहा ठेवतो, “पन्नास”. हातात पंधरा रुपये आलेले असतात. भाजीवाल्या मावशी असाच हिशेब करतात. वजाबाकी म्हणजे दोन संख्यांमधलं अंतर, हे त्या पोराला कळलेलं असतं. ते हेरून दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडायचं काम बाईंचं.

कोपऱ्यात काहींनी नंदीध्वज काढलेला असतो. एकाने फूटपट्टी तळहातावर उभी धरायचा प्रयत्न केला, ती लगेच पडली. दुसऱ्याने झाडूचा लांब दांडा घेतला, तो बराच वेळ उभा राहिला. सगळे चक्रावतात, कारण उंच वस्तू लवकर पडणार असं त्यांना वाटत होतं. लांब दांडा कलतो सावकाश, म्हणून हाताला सावरायला वेळ मिळतो. आखूड पट्टी कलते झटकन. हे कारण सातव्या वर्षी सांगून टाकायची घाई नको. तळहाताने त्यांना जे कळलं आहे, ते पुरतं मुरू द्यावं. बाईंनी फक्त एक विचारावं: अजून लांब काठी मिळाली तर? पोरं बाहेर धावत सुटतील.

मग कुणाला तरी आठवतं की यात्रेत हे ध्वज शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना जातात. शाळेभोवती अडुसष्ट खडे मांडायचे ठरतं. पन्नाशीच्या पुढे मोजणी हरवते, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी दहा-दहाचे ढीग करायची युक्ती निघते, सहा ढीग आणि वर आठ. आणि इथे सोलापूरचं एक वैशिष्ट्य वर्गात उतरतं. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरातलं मूल घरी तेलुगू बोलतं, अक्कलकोटकडून आलेलं कन्नड बोलतं. तेलुगूतला ‘अरवै एनिमिदि’ काय किंवा कन्नडमधला ‘अरवत्तेंटु’ काय, दोन्हींत आधी साठ आणि मग आठ. मराठीत मात्र अडुसष्ट, म्हणजे आठ आधी. आणि पुढचा एकोणसत्तर तर सत्तरातून एक कमी. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ आठ’ अशा वाचनाचाही पर्याय दिला, तेव्हा राज्यभर वाद पेटला होता. वाद घालणाऱ्यांनी सोलापूरच्या एखाद्या वर्गात जाऊन बसायला हवं होतं. घरी तेलुगू बोलणारं जे मूल मराठीच्या तासाला गप्प असतं, तेच या सहा ढिगांपाशी पुढे होऊन ‘साठ आणि आठ’ असं सांगू शकतं. फळ्याच्या तासाला एकच भाषा चालते. खेळात तिन्ही चालतात आणि कुणाला दुसऱ्याच्या भाषेत चार शब्द उसने घ्यावेही लागतात, कारण गिऱ्हाईक तेलुगूत भाव विचारत असतं.

याच शहरात हजारो घरांत आई विड्या वळते. तिची मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे ठरते. त्या घरातलं मूल गठ्ठे बांधून मोजणं रोज बघत असतं. चार पंचवीस शंभर हे त्याला पाढा म्हणून ठाऊक नसलं तरी डोळ्यांनी ठाऊक असतं. विडी वर्गात आणायची नाही आणि मुलांनी ते काम करणं कायद्यानेही बंद आहे. पण झाडूच्या काड्यांच्या जुड्या खेळात ठेवल्या की हे घरचं ज्ञान बाहेर येतं. यंत्रमागाच्या कारखान्यांतले सुताचे रिकामे कोन, काठाच्या चिंध्या, चादरीवरची चौकटीची नक्षी ही असलीच सामग्री आहे. सोलापूरच्या वर्गाला खेळणी विकत आणावी लागत नाहीत.

आता बाई काय करत होत्या ते पाहा. त्या मोकळ्या बसल्या नव्हत्या आणि त्यांनी सूत्रंही हातात घेतली नव्हती. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२मध्ये लहान मुलांवरचे ३९ अभ्यास एकत्र तपासले. मुलांना निवड करू देणारा, पण मोठ्यांनी अधूनमधून प्रश्न आणि सामग्री देऊन दिशा दिलेला खेळ सुरुवातीचं गणित, आकारांची ओळख आणि एका कामावरून दुसऱ्यावर लक्ष वळवणं यांत थेट शिकवण्यापेक्षा सरस ठरला. वाचनाबाबत तितका स्पष्ट निष्कर्ष निघाला नाही, आणि हे लपवण्याचं कारण नाही. अक्षर आणि उच्चार यांचं नातं खेळता खेळता आपोआप सगळ्यांना सापडेल, असं मी म्हणणार नाही. ‘क’ आणि ‘की’ यांतला फरक कुणीतरी समोर बसून दाखवावाच लागतो. रोज अर्धा-पाऊण तास बाईंनी सरळ शिकवावं, नेमकं शिकवावं. पण शिकलेल्या अक्षराला काम द्यायचं असेल, तर गड्ड्यासारखी जागा लागते.

इथे आपल्याकडच्या एका गैरसमजाकडे वळलं पाहिजे. २०१५मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. कृतीतून शिकवणाऱ्या साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. परतल्यावर वर्गातल्या फरश्या रंगल्या, खडे, काड्या, शब्दपट्ट्या आल्या, मुलं गोलात बसू लागली. रांगेत बसून पाढे घोकण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं होतं, आणि त्यासाठी पदरमोड केलेल्या शिक्षकांचं ऋण मानायला हवं. पण कृती आणि खेळ एक नव्हेत. ‘दहा काड्या घ्या, जुडी बांधा, सांगा किती झाल्या’ ही कृती आहे; ती बाईंनी ठरवलेली आहे. खेळाची साधी खूण म्हणजे तो मध्येच बदलायचा अधिकार मुलाकडे असतो. भज्यांच्या गाड्याचा दवाखाना झाला, कारण पाळण्यावरून कुणीतरी पडलं, तर तो खेळ आहे. आपल्या पहिली-दुसरीत कृती पुष्कळ आल्या, हा अधिकार मात्र फारसा आला नाही. कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांच्या पाठ्यपुस्तकाचं नाव ‘खेळू, करू, शिकू’ असं सुरेख आहे. हेच नाव मला गणिताच्या आणि भाषेच्या पुस्तकावरही हवं आहे, कारण वेगळ्या तासिकेत बसवलेला खेळ त्या तासिकेबाहेर पडत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडतं असं नाही. वेल्सने २००८पासून तीन ते सात वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी खेळाधारित अभ्यासक्रम कायद्यानेच लागू केला. तिथेही दिसलं ते हेच, की मूल जसजसं सातकडे सरकतं तसतसा वर्गातला खेळ आटतो आणि बाकावरचं काम वाढतं. पुढच्या इयत्तेची धास्ती मागे मागे झिरपत येते. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते, तिथे ही धास्ती उशिरा लागते इतकंच.

आपल्याकडे ती धास्ती घरातून येते. “पोरगं नुसतं खेळायलंय, वही कोरीच हाय” ही तक्रार करणाऱ्या आईला चुकीचं ठरवू नये. मजुरीचा दिवस बुडवून ती शाळेत आलेली असते आणि शेजारच्या इंग्रजी शाळेतल्या पोराच्या भरलेल्या वह्या तिने पाहिलेल्या असतात. तिला खेळाचं महत्त्व पटवणारं भाषण नको असतं. पोरगं काय शिकलं ते दिसायला हवं असतं. म्हणून ‘भजि’ची पाटी टाकून द्यायची नाही. तारीख घालून जपायची आणि शेजारी तीन आठवड्यांनंतरची पाटी लावायची. पन्नासच्या नोटेचा हिशेब मुलाने कसा केला, ते त्याच्याच शब्दांत दोन ओळींत टिपून ठेवायचं. केंद्रप्रमुख भेटीला आले, तर निपुण भारत अभियानाची वाचन-गणनाची उद्दिष्टं या कागदांवर बोट ठेवून दाखवता येतात. टिपणाचं हे काम कंटाळवाणं आहे, पण ते झालं नाही तर पुढच्या वर्षी गड्डा बंद होतो.

वर्गात चाळीस मुलं असतील तर सगळ्यांचा खेळ एकाच वेळी पेलत नाही. शिक्षण हक्क कायद्याने एका शिक्षकामागे तीस मुलं सांगितली आहेत, तीही पुष्कळच. अशा वेळी निम्मी मुलं गड्ड्यात, निम्मी बाईंसमोर वाचायला आणि मग अदलाबदल, अशी वाटणी सोयीची पडते. छोट्या गावांतल्या द्विशिक्षकी शाळांची स्थिती उलट आहे. तिथे पहिली-दुसरी एकाच खोलीत बसतात आणि ती अडचण मानली जाते. खेळासाठी मात्र याहून चांगली जुळणी नाही. पहिलीतल्याला भावफलक लिहिता येत नाही म्हणून तो दुसरीतल्या ताईला पकडून आणतो. ताई लिहिता लिहिता मोठ्याने उच्चार करते, तो कान देऊन ऐकत, बघत राहतो. पहिलीची नवी मुलं जूनमध्ये येतात तेव्हा दुसरीतल्यांचा एखादा खेळ मांडलेलाच असतो आणि त्यांना त्यात फक्त शिरायचं असतं. अंगणवाडीताईंनी मेच्या सुट्टीआधी मुलांना दोन-चार दुपारी झाडापलीकडे नेऊन या खेळात सोडलं, तर जूनमधलं निम्मं रडं वाचेल. त्यासाठी दोन्ही खात्यांच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. ताई आणि बाई एकमेकींशी बोलल्या की झालं.